अलिबागच्या काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,

सप्रेम शालोम.

लग्न झाल्यावर जोडीदाराच्या घराण्याचं मूळ गाव बघायला इस्राएलहून कोकणात येणाऱ्या जोडप्यांना तुम्ही गेली अनेक वर्षं हात देत आला आहात. दोघांपैकी एकाचे आजी-आजोबा अलिबाग, पेण, रोहा भागातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तर दुसऱ्याचं घर मोरोक्कोकडचं किंवा रशियाकडचं. त्या दुसऱ्याला मराठीचा गंध नसतो, आणि पहिल्याला येते ती स्वयंपाकघरापुरती. अशा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. तुमची शिकवण पुढच्यांच्याही उपयोगी पडावी म्हणून ते जाहीर लिहीत आहोत.

सर्वांत मोठे आभार आडनावाबद्दल. किहीमकर म्हणजे किहीम, दिवेकर म्हणजे दिवेआगर, अष्टमकर म्हणजे रोह्याजवळची अष्टमी, एवढं घरी प्रत्येकाला पाठ असतं. पण पुष्कळ कुटुंबांनी आडनावाचं गाव केव्हाच सोडलं होतं आणि पुढच्या पिढ्या भलत्याच गावात नांदल्या. म्हणून पणजोबांपर्यंतची नावं ओळीने लिहून आणा, असा तुमचा आग्रह असतो, आणि तीही जुन्या रूपात. शमुवेल गावात सामाजी असे, यहेज्केल हसाजी, अब्राहाम आबाजी. मुंबईची पहिली मशीद, म्हणजे आपलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, १७९६ मध्ये बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांच्या तोंडी सामाजी हसाजीच होते. इस्राएली पासपोर्टवरचं नाव सांगून गावातल्या म्हाताऱ्यांना काहीच उमगत नाही. आपले लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. ‘शनवार तेल्याचं घर कुठं होतं?’ असं विचारलं की घाण्याची जागा दाखवायला माणूस उठतो. लग्नाच्या केतुबावर, म्हणजे ज्यू विवाहाच्या करारपत्रावर, वधूवरांची आणि वडिलांची नावं असतात, आडनाव बहुधा नसतंच. त्यामुळे केतुबासोबत आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट किंवा शाळेचा दाखलाही हवा.

दुसरी गोष्ट तुम्ही दारात पाय ठेवण्याआधीच सांगता: आम्ही जमिनीसाठी आलेलो नाही, हे पहिल्याच वाक्यात बोला. जुन्या वाड्याच्या जागेवर आज ज्यांचा संसार आहे, त्यांच्या पोटात परदेशी पाहुणे बघून गोळा येणारच. मोजणी केल्यासारखे फोटो काढू नयेत, भिंतीला हात लावण्याआधी विचारावं. एवढं पाळलं की चहा येतो आणि आठवणी आपोआप निघतात.

कबरींवरचा मजकूर कसा वाचायचा, हे तर तुमच्याकडूनच शिकावं. नवगावची जुनी दफनभूमी, जिथे जहाज फुटून बुडालेल्यांना पुरलं आणि ७ जोडपी वाचली असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो, तिथल्या जुन्या कबरींवर नाव शोधण्यात अर्थ नाही. अक्षरं मिळतात ती नंतरच्या दगडांवर. सकाळी लवकर जावं. ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. दुपारी तोच दगड कोरा वाटतो. ढगाळ दिवशी विजेरी दगडाला टेकवून एका बाजूने प्रकाश पाडायचा. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू यांतलं काहीच नको. प्रेमापोटी अक्षरांत ऑइलपेंट भरणारेही असतात, पण रंगामागे पाणी अडतं आणि पापुद्र्याबरोबर अक्षराची कडही निघून येते.

हिब्रू सालाचा हिशेबही तुमचाच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते आणि साल अक्षरांतच लिहितात. दगडावर सालातले हजार सहसा वगळलेले असतात. ताव, रेश, त्सादी अशी अक्षरं असली तर ४०० अधिक २०० अधिक ९०, म्हणजे ६९०. त्यात १२४० मिळवले की १९३० साल येतं. हिब्रू वर्षाचे पहिले तीन महिने जानेवारीआधी येतात, म्हणून महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर एक वर्ष कमी धरायचं. त्यानंतरचा तेवेत असेल तर तारीख पंचांगातून पडताळून घ्यायची. ही एक वर्षाची चूक राहिली की मशिदीच्या नोंदवहीत माणूस सापडत नाही.

जोडीदार कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातला, असेल तर तो दफनभूमीत येणार नाही, हे तुम्ही आधीच विचारून घेता आणि त्याच्यासाठी बाहेर बसायची सोय करता. कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायचं असेल तर १० पुरुष लागतात. अलिबागेत आयत्या वेळी ते जमत नाहीत, मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांशी आधी बोलून ठेवावं लागतं. शनिवारी मशीद बघायला जायचं ते प्रार्थनेसाठी. कॅमेरा खोलीवर ठेवून.

सागावजवळ एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, टाप्यावर (तिथल्या पवित्र खडकावर) मालिदा, म्हणजे आपला पोह्यांचा प्रसाद, करायचा तर तुम्ही दिलेलं प्रमाण असं: १ किलो जाडे पोहे, २ नारळांचा चव, अर्धा किलो साखर, वेलची-जायफळ, बदाम-पिस्ते-बेदाणे आणि ५ प्रकारची फळं. पोहे धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्यायचे, मगच बाकीचं मिसळायचं. पातळ पोहे घेतले किंवा निथळायची घाई केली की त्यांचा लगदा होतो.

खाण्याबद्दलची तुमची सूचना तर आम्ही घरोघर पोचवली आहे. आपल्या ज्यू आहारनियमांत खवले आणि पर असलेला मासा चालतो, कोळंबी चालत नाही; पण मासा चालतो म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण खानावळीत पापलेट तळतात त्याच तेलात कोळंबीही पडते. भाजी मागवली तरी ‘सोडे किंवा जवळा घातलाय का?’ हे विचारायचंच. वांग्याच्या भाजीत सोडे घालणं ही कोकणातली रीतच आहे.

येण्याजाण्याचं थोडक्यात. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो धरावी. कराचीतही आपली चांगली वस्ती होती. आजी-आजोबा तिथले असतील तर ई-व्हिसाच्या भरवशावर तिकीट काढू नये. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ती सोय नाही आणि फॉर्ममध्ये आजी-आजोबांबद्दल प्रश्न असतोच. आधी तेल अवीवच्या भारतीय वकिलातीत विचारावं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं ओसीआय कार्ड पणतवंडांपर्यंत मिळू शकतं; परदेशी मुळाच्या जोडीदाराला मात्र विवाह नोंदवून सलग २ वर्षं झालेली लागतात. घरगुती मुक्काम ठरवताना घरमालक परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद, जिला ‘सी फॉर्म’ म्हणत, ती करतो का, हे फोनवरच विचारून घ्यावं.

काका, नातं ना गोतं, पण उन्हातान्हात चालून, मराठी न येणाऱ्या सुनेला आणि जावयाला त्या घराची माणसं दगडावर बोट ठेवून तुम्ही दाखवलीत. पैशाचं पाकीट पुढे केलं की तुम्ही मागे सरता, म्हणून ते पाठवत नाही. हिब्रू अक्षरांचा आणि त्यांच्या आकड्यांचा मोठ्या टायपातला तक्ता प्लास्टिकमध्ये घालून पाठवत आहोत. सोबत आमच्याकडच्या दगडांच्या फोटोंच्या प्रती आहेत, मागे गाव आणि वाचलेलं नाव लिहिलेल्या. ज्यांचं वाचन पक्कं नाही त्यांवर पेन्सिलीने खूण आहे. तेवढे सवडीने पाहून ठेवा.

आपली,
लोद, दिमोना आणि अश्दोदची मंडळी