गोंदण काढायची सुरुवात सुटकेआधीच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की कागदपत्रे, निवारा आणि काम यांवर बोलले जाते. अंगावरच्या गोंदणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मानेवर, बोटांवर किंवा डोळ्याच्या कडेला टोळीची खूण असेल, तर काम मागायला गेल्यावर समोरच्याची नजर आधी तिथेच जाते. असे गोंदण विनामूल्य काढून देणारे डॉक्टर आणि संस्था आहेत. तरीही कितीतरी जण उपचार अर्ध्यावर सोडतात. आमच्या मते याचे मोठे कारण वेळेचे गणित आहे, आणि ते सुटकेच्या दिवशी कोणी समजावून सांगत नाही.

गोंदण लेझरच्या प्रकाशाने काढतात, पण लेझर शाई पुसत नाही, फोडतो. नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी शाईच्या कणांचे बारीक तुकडे होतात. ते उचलून नेण्याचे काम शरीरातल्या भक्षक पेशी आणि लसिकावाहिन्या आपल्या गतीने करतात. त्यामुळे दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात. घाई केली तर गोंदण लवकर जात नाही, उलट त्वचा भाजून व्रण राहण्याची भीती वाढते. आठ सिटिंग लागणार असतील तर मधली सात अंतरे आठ-आठ आठवड्यांची धरा. छप्पन्न आठवडे झाले, म्हणजे वर्षाहून जास्त. सुटलेल्या माणसाला काम मात्र पहिल्या महिन्यातच हवे असते.

त्यातही चेहरा आणि मान यांना रक्तपुरवठा चांगला असल्याने तिथले गोंदण लवकर फिके होते. बोटे, मनगट आणि पावले यांना जास्त वेळ लागतो. नोकरीत सर्वांत आधी दिसतो तो हातच, म्हणून हातापासून सुरुवात करावी. पाठीवरचे आणि छातीवरचे नंतर पाहता येते.

तुरुंगात गोंदलेल्या टॅटूबाबत एक दिलासा आहे. काजळी किंवा पेनच्या शाईने हाताने टोचलेल्या गोंदणात शाई कमी असते, शिवाय ती काळी असते आणि काळा रंग लेझरला सर्वांत चांगला दाद देतो. व्यावसायिक, रंगीत टॅटूपेक्षा अशा गोंदणाला बऱ्याचदा कमी सिटिंग पुरतात. पण सुई कुठे उथळ, कुठे खोल गेलेली असते, त्यामुळे मधूनमधून ठिपके मागे राहतात. टोचताना त्वचेला झालेला व्रणही तसाच राहतो, कारण लेझर फक्त शाईवर काम करतो. जुन्या खुणेवर दुसरे चित्र गोंदून ती झाकली असेल तर शाई दुप्पट होते आणि सिटिंगही वाढतात. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेझरने एकदम काळी पडू शकते, म्हणून आधी छोट्या ठिपक्यावर चाचणी घ्यायला सांगावे.

मदत शोधताना पहिला प्रश्न कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि प्रोबेशन अधिकाऱ्याला विचारावा. नंतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील त्वचारोग विभाग, कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि टोळीतून किंवा मानवी तस्करीतून सुटलेल्यांसाठीचे उपक्रम यांच्याकडे चौकशी करावी. अमेरिकेत लॉस एंजेलिसला फादर ग्रेगरी बॉइल यांनी १९८८ साली सुरू केलेली होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था स्वयंसेवक डॉक्टरांच्या मदतीने हे काम विनामूल्य करते. अमेरिकेतलीच जेल्स टू जॉब्स ही संस्था विनामूल्य आणि अल्प दरातल्या केंद्रांची देशभराची यादी ठेवते. अशी यादी हाती असली की शोधाशोधीत जाणारे महिने वाचतात, म्हणून प्रत्येक कारागृहाने आपल्या परिसराची यादी तयार ठेवावी असे आम्हाला वाटते.

‘विनामूल्य’ या शब्दाला बहुधा अटी जोडलेल्या असतात. काही ठिकाणी फक्त चेहरा, मान आणि हात घेतात, काही ठिकाणी फक्त टोळीच्या खुणा. कुठे ठरावीक तास समाजसेवा करावी लागते, तर कुठे एक-दोन तारखा चुकल्या की नाव यादीतून जाते. त्यामुळे फोनवरच विचारून घ्यावे: पूर्ण उपचार विनामूल्य आहे की पहिल्या काही सिटिंग? यंत्र कोण चालवतो, डॉक्टर हजर असतात का? प्रतीक्षा किती? सुटकेचा दाखला, ओळखपत्र आणि गोंदणाचे स्पष्ट फोटो सोबत न्यावेत. पॅरोल किंवा देखरेखीखाली असलेल्याने उपचार सुरू होण्यापूर्वीच अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ओळखीच्या खुणांमध्ये गोंदणाची नोंद असते आणि ती गुपचूप पुसली तर हेतूबद्दल शंका घेतली जाऊ शकते. टोळीची खूण काढल्याने जिवाला धोका असेल, तर तेही आधीच सांगावे.

यंत्राबाबत तडजोड करू नये. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा क्यू-स्विच्ड एनडी-याग (नॅनोसेकंदांचे झटके देणारा) लेझर योग्य, आणि सावळ्या त्वचेला तोच अधिक सुरक्षित. लाल शाईसाठी ५३२ नॅनोमीटर वापरतात, पण सावळ्या त्वचेवर त्याने पांढरे डाग पडण्याचा धोका जास्त असतो. केस काढण्याचे आयपीएल (तीव्र प्रकाशझोताचे) यंत्र टॅटूवर कधीही चालवू देऊ नये. त्याचा झोत मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात उष्णता आजूबाजूच्या त्वचेत पसरते आणि कायमचे व्रण उठतात. आम्ल, मीठ घासणे, ‘टॅटू काढायची क्रीम’ यांचाही शेवट व्रणातच होतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पापणीजवळ काम असेल तर बुबुळावर धातूचे कवच बसवावे लागते. ही सोय नसेल तर तिथून उठून यावे.

केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण) उठण्याची सवय, गर्भारपण, चालू असलेली औषधे आणि गोंदणातल्या लाल भागाला येणारी खाज किंवा सूज या गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत. सामायिक सुईने गोंदले असेल तर हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. लेझरशी तिचा संबंध नाही, पण या आजारांवर उपचार आहेत आणि कळायला उशीर झाला तर नुकसान मोठे. धूम्रपानाने शाई जाण्याचा वेग मंदावतो, हेही सांगायला हवे. बधिर करणारी क्रीम सांगितली तेवढीच लावावी, मोठ्या भागावर जाड थर दिल्यास ती रक्तात उतरून जिवावर बेतू शकते.

लेझर लागताच त्वचा पांढरी पडते आणि थोड्या वेळात पूर्ववत होते. नंतर एक-दोन दिवसांत फोड येऊ शकतात. ते फोडू नयेत. सौम्य साबणाने हलके धुऊन पेट्रोलियम जेली लावावी, वर न चिकटणारी पट्टी बांधावी. खपली ओढू नये. पू, ताप किंवा पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जखम भरल्यावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे किंवा तो भाग कपड्याने झाकावा, कारण उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर पुढची सिटिंग करता येत नाही. धूळ, पाणी किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी सिटिंग सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्यावी. मधल्या काळात मुलाखतीपुरता भाग झाकणारा मेकअप चालतो, मात्र ताज्या जखमेवर नाही.

आमची मागणी अशी आहे. ज्यांच्या सुटकेची तारीख ठरलेली आहे आणि ज्यांना गोंदण काढायचे आहे, अशा बंद्यांची तपासणी सुटकेच्या वर्षभर आधी व्हावी आणि पहिल्या सिटिंग आतच सुरू व्हाव्यात. हे पूर्णपणे त्यांच्या इच्छेवर असावे. सुटताना उरलेल्या सिटिंगचे पत्र, लेझरच्या सेटिंगची नोंद आणि पुढची तारीख हातात द्यावी, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना शून्यापासून चाचपडावे लागणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातली एक सकाळ या रुग्णांसाठी राखून ठेवावी आणि त्यांच्या जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद करावी. भाड्याला पैसे नसले की विनामूल्य उपचाराचीही तारीख चुकते.

आपले,
सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनात काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ आणि कार्यकर्ते