फोंताइन्हासमधल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईला घेऊन पणजीला फोंताइन्हास ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती बघायला गेलो होतो, आम्ही डिचोलीचे, पण तिथल्या गल्ल्यांत नाताळात तिला कधी नेलंच नव्हतं. घरोघरी नक्षत्रं म्हणजे चांदणीचे आकाशकंदील लागलेले, निळ्या पिवळ्या भिंतींवर त्यांचा उजेड, आणि आई इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे १८४३ साली राजधानी पणजीला आली तिथपासून सुरू झाली होती. सेंट सेबेस्टियन कपेलपाशी, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चपाशी पोचलो, आतला क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातून आलाय आणि त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत हे ती सांगतच होती आणि एकदम चक्कर येऊन पायरीवर बसली.

माझे तर हातपायच गळाले. तेवढ्यात समोरच्या घरातल्या आंटींनी खुर्ची आणली, लिंबू साखर मीठ घालून पाणी दिलं, आईचा हात धरून कोंकणीत "भिवं नाका गो माये" म्हणत राहिल्या. दोन पोरांनी गर्दी बाजूला केली, एकजण ओळखीच्या डॉक्टरांना स्कूटरवर घेऊन आला, त्यांनी बीपी बघितलं, पैसे घेतलेच नाहीत. चर्चमधल्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची वेळ होत आली होती तरी आंटी हलल्या नाहीत, उलट निघताना दोदोल हा नाताळचा गोड पदार्थ आणि नेवऱ्या (करंज्या) बांधून दिल्या!

घाईत कुणाचंच नाव विचारलं नाही. आंटी, आई आता ठणठणीत आहे, चतुर्थीला तुमच्यासाठी नेवऱ्या घेऊन ती स्वतः येणार म्हणते. देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं.