पॉलिसीचं अकरावं पान

नैरोबी, रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझी मेल येऊन अडीच महिने झाले. इथे केनियात, किसुमूजवळच्या कारखान्यातल्या तुझ्या नव्या नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीची पीडीएफ तू पाठवलीस, मी ‘बघतो’ म्हणून गप्प बसलो. शिव्या दे, सगळ्या मान्य. काल रात्री एकदाची ती पानं वाचली आणि झोप उडाली. माझी तब्येत बरी, गुडघा जिथल्या तिथे.

पन्नास लाख शिलिंगांचा आकडा पाहून तू खूश झालायस. लेका, अकरावं पान वाच. ‘इव्हॅक्युएशन’ म्हणजे काही झालं की विमानात घालून थेट मुंबई, अशी तुझी समजूत. तिथे लिहिलंय ‘सर्वांत जवळचं योग्य रुग्णालय’. ते म्हणजे नैरोबी. आजूबाजूच्या देशांतले पेशंटसुद्धा इथल्या आगा खानला आणि नैरोबी हॉस्पिटलला आणतात, मग किसुमूच्या माणसाला मुंबईला कोण नेणार? मायदेशी नेणं हे वेगळं कलम असतं. तुझ्या पॉलिसीत ते फक्त मृतदेहापुरतं आहे. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.

उपचार नैरोबीत होतील, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती कारखान्याच्या कॉलनीतल्या रात्री दोनची. किसुमू तिथून पन्नास किलोमीटर आणि नैरोबी त्यापुढे साडेतीनशे. म्हणून एचआरला आकडा विचारू नकोस. रात्री गाडी कोणाची, चावी कोणाकडे, आणि किसुमूचं कुठलं हॉस्पिटल आज विमा कंपनीच्या पॅनेलवर आहे, ते विचार. आज म्हणजे आजच. बिलं थकली की हॉस्पिटलं एखाद्या विमा कंपनीचं कार्ड घेणं बंद करतात आणि यादीत नाव मात्र तसंच राहतं. कार्डाबरोबर बोटांचे ठसे लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांची नोंद करून टाक. खाजगीत बरेच कन्सल्टंट आपलं बिल हॉस्पिटलपेक्षा वेगळं लावतात. विमा कंपनी त्यातला तिला योग्य वाटेल तेवढाच भाग देते, उरलेला आपल्या खिशातून. आणि मंजुरीचं पत्र येईपर्यंत डिपॉझिट मागतात. एम-पेसावर, म्हणजे इथल्या मोबाइलवरून पैसे द्यायच्या सोयीवर, एका वेळी 2,50,000 शिलिंगच जातात, म्हणून बँकेचं कार्ड जवळ ठेव.

अ‍ॅमरेफच्या फ्लाइंग डॉक्टर्सची, म्हणजे पेशंटला विमानाने नेणाऱ्यांची, वर्गणी स्वतः भर, कंपनीची वाट बघू नकोस. 1957 पासूनची संस्था, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडतात. पण ती वर्गणी उड्डाणाची, हॉस्पिटलच्या बिलाची नव्हे. शिवाय दिवे नसलेल्या धावपट्टीवर रात्री विमान उतरत नाही.

पगारातून सरकारी आरोग्य विम्याचे 2.75 टक्के कापतील. त्यावरून पहिल्या महिन्यात अकाउंट्सशी भांडू नकोस. तू भांडशील, हे माहीत आहे.

आता मलेरिया. ‘सांगलीत दोनदा झालाय, काही होत नाही’ असं लिहिलंस, तेव्हाच फोन उचलणार होतो. सांगलीतला तुझा बहुतेक व्हायवॅक्स असणार, मलेरियाची त्यामानाने सौम्य जात. इथे व्हिक्टोरिया सरोवराकाठी फाल्सिपेरम, ही जीवघेणी जात, त्याला तुझ्या सांगलीची काही ओळख नाही. दिवस-दीड दिवसात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. नैरोबी उंचावर म्हणून इथे धोका कमी, किसुमूत बारा महिने. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा. हॉस्टेलला एकशेतीन ताप अंगावर काढून ‘सबमिशन आधी’ म्हणणारा तू, म्हणून बजावतोय. त्या रात्रीच्या रिक्षाचे पैसे अजून आलेले नाहीत.

साध्या मलेरियाला डॉक्टर बहुधा आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देतील. मोठ्या माणसाला चार-चार गोळ्या सहा वेळा: पहिली खेप, आठ तासांनी दुसरी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. एकूण चोवीस. रिकाम्या पोटी औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून दूध किंवा तुपाबरोबर घे. तासाभरात उलटी झाली तर ती खेप परत. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, लोक गोळ्या सोडतात आणि पुन्हा आडवे होतात. उलट्या थांबत नसतील किंवा माणूस बरळायला लागला, तर गोळ्यांच्या नादी लागू नकोस. आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं, सरळ हॉस्पिटल गाठ. आणि कोर्स संपल्यावर हौसेने पट्टीवर टेस्ट करून बघू नकोस. मेलेल्या जंतूंच्या प्रथिनामुळेही ती कित्येक आठवडे दोन रेघा दाखवते.

सुट्टीत सांगलीला गेलास आणि ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘केनियातून आलोय’. नाहीतर डेंग्यू-टायफॉइड करत चार दिवस जातील.

यलो फीव्हरची लस मात्र आत्ताच, अधिकृत केंद्रातच, पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट नंबर नीट तपासून. भारतातून येणाऱ्याला केनिया ते सर्टिफिकेट मागत नाही, म्हणून लोक टाळतात. परत जाताना मुंबईच्या विमानतळावर मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, मग ते जन्मभराचं.

आणि इथेच काकूंचं, म्हणजे तुझ्या आईचं, घोडं अडतं. अडीच महिने मी गप्प का होतो, ते आता कळलं असेल. ही जिवंत जंतूंची लस. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो. क्वचितच होतो, पण काकू चौऱ्याहत्तर, त्यात स्टेंट. डॉक्टर नको म्हणाले तर परतीच्या विलगीकरणाचा प्रश्न. तुझ्या पॉलिसीत ‘अवलंबित’ म्हणजे बायको-मुलं, आई नाही. प्रवासी विमा काढशील, पण त्यात जुन्या आजाराला बहुधा कात्री असते, म्हणजे नेमकं त्यांचं हृदय आणि साखर बाहेर. तू त्यांना ‘सोबतच नेतो’ सांगून बसलायस. सुध्या, पहिलं वर्षभर नको. रागावलास तरी चालेल, तोरण्यावरून उतरताना रागावला होतास तसा. मग फार तर महिनाभर नैरोबीत माझ्याकडे येऊ देत. एम. पी. शाह हॉस्पिटल घरापासून वीस मिनिटांवर आहे.

चिन्याचा निकाल काय लागला? घर भाड्याने गेलं का? वहिनींची शाळेची नोकरी सुटणार, त्याचं वाईट वाटलं, सांग त्यांना.

काकूंच्या औषधांची चिठ्ठी फोटो काढून पाठव. ब्रँडची नावं नकोत, आतल्या औषधांची हवीत. रक्तदाबाची तेलमिसार्टन किती एमजी, रक्त पातळ करायची गोळी कुठली, सगळं. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना लसीचं विचारलंस की लगेच फोन कर. मी रात्री अकरापर्यंत जागा असतो, तुमच्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो.

तुझा,
बाळ्या