आधी पूर्ण परशा, मग नवा करार

संपादक महोदय,

ज्यू लोकांच्या साप्ताहिक तोरापाठाची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या त्या आठवड्याच्या वाचनाची (यालाच परशा म्हणतात), ख्रिस्ती शास्त्राशी सांगड घालणारा लेख आपल्या शनिवारच्या पुरवणीत वाचला. मी वसईची कॅथलिक, गेली तीसेक वर्षं मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं वाचन करते. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. देव अब्राहामाला घर सोडून निघायला सांगतो, ती पहिली चार वचनं लेखकांनी घेतली आणि तिथून ते थेट येशूपर्यंत पोचले. जाता जाता, ज्यू लोक हे वाचतात पण अर्थ त्यांना उमगत नाही, असंही लिहून गेले. ते वाक्य मला फार लागलं.

ठाण्याच्या कचेरीत माझे एक वरिष्ठ सहकारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी मला बायबलच्या पहिल्या ग्रंथातली, उत्पत्तीच्या १२व्या अध्यायातली हीच चार वचनं वाचायची होती, म्हणून मी त्यांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "बाई, चारच ओळी? अहो, तो माणूस आत्ता कुठे घराबाहेर पडलाय." त्यांच्याकडे हा पाठ १२व्या अध्यायाच्या सुरुवातीपासून १७व्याच्या शेवटापर्यंत एकाच शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, वाचतात. त्या परशाचं नाव 'लेख लेखा'. हिब्रूतला हा प्रयोग भाऊंनी मला मराठीत सांगितला तो असा: "तू आपला नीघ." नुसतं 'नीघ' नव्हे. त्या 'आपला'मध्ये किती माया आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढे एका शनिवारी त्यांच्याबरोबर ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गेले. १८७९ सालचं हे सिनेगॉग. तोराच्या गुंडाळीवर बोट टेकवत नाहीत. हाताच्या आकाराची चांदीची काडी अक्षरांखालून सरकत जाते. एकामागून एक सात जणांना पाठासाठी पुढे बोलावतात. एकही ओळ गाळत नाहीत. तोरा संपला की संदेष्ट्यांच्या ग्रंथातला ठरलेला उतारा, म्हणजे हफ्तारा. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी दिली, हे लूकच्या चौथ्या अध्यायात मी कितीदा वाचलं होतं. डोळ्यांपुढे उभं राहिलं ते त्या दिवशी.

आता संपूर्ण परशा हाताशी घेऊन नवा करार उघडावा. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं, हे १५व्या अध्यायातलं वचन. रोमकरांस पत्रात संत पौल विचारतो, हे सुंतेच्या आधी घडलं की नंतर? सुंता येते १७व्या अध्यायात, तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा आणि त्याचा मुलगा इश्माएल १३ वर्षांचा. म्हणजे पौलाचा सगळा मुद्दा या एकाच परशातल्या क्रमावर उभा आहे. चार वचनांवर थांबणाऱ्याला तो कळायचाच नाही. संत याकोब आपल्या पत्रात तेच वचन घेतो, पण अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघाला, त्या वेदीपाशी ते खरं ठरलं म्हणतो. ती वेदी २२व्या अध्यायात, म्हणजे पुढच्या शब्बाथच्या परशात. आणि लगेच अब्राहामाला देवाचा मित्र म्हणतो. 'माझा मित्र अब्राहाम' हे शब्द यशयाच्या ४१व्या अध्यायात आहेत, आणि 'लेख लेखा'चा हफ्तारा आज नेमका तिथलाच आहे! पाठांची आजची वाटणी नंतर पक्की झाली. तेव्हा याकोबाने ती पाहून लिहिलं, असं मी म्हणत नाही. पण तोरा आणि संदेष्टे एका दमात ऐकण्याची सवय ज्या कानांना होती, त्या कानांसाठी ही पत्रं लिहिली गेली.

आमच्याकडे १२वा, २२वा आणि १५वा अध्याय थोडा थोडा करून तीन वर्षांच्या फेरीत येतो, दर वर्षी त्याच दुसऱ्या रविवारी. या तिन्ही रविवारी हागार, म्हणजे अब्राहामाच्या बायकोची दासी आणि इश्माएलची आई, मात्र कुठेच नाही. पौलाच्या गलतीकरांस पत्रात ती भेटते, पण दास्याचं प्रतीक म्हणून. परशातली हागार गर्भार आहे, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली आहे, झऱ्याकाठी देवदूत तिला नावाने हाक मारतो, आणि ही दासी देवालाच नाव देते: मला पाहणारा देव. तिला आधी झऱ्याकाठी भेटल्याशिवाय पौलाचा दृष्टान्त कुणी मला ऐकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

ही सांगड मराठीला नवी नाही. गोव्यातले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांच्या १६१६च्या क्रिस्तपुराणात पहिलं पुराण जुन्या कराराचं आहे आणि ख्रिस्तचरित्र दुसऱ्यात येतं. बेने इस्राएलांनीही अब्राहामाची कथा मराठी कीर्तनात गायली. ज्यांना अर्थ कळत नाही, त्यांनी ती कीर्तनाला घेतली असती का?

म्हणून विनंती, हे सदर चालू ठेवा, पण लेखाच्या वर त्या आठवड्याच्या पूर्ण परशाचे आणि हफ्ताऱ्याचे अध्याय छापा, म्हणजे वाचकांना आधी ते वाचता येतील. आणि जमल्यास एखादा लेख कोकणातल्या किंवा ठाण्यातल्या बेने इस्राएल जाणकाराकडून लिहून घ्या. 'लेख लेखा' दिवाळीच्या आसपास येतो, तेव्हापासूनच सुरुवात करता येईल. भाऊ आता मुलांकडे इस्रायलला राहतात. तो अंक मी त्यांना पाठवीन.

आपली,
एक वाचक, वसई