फ्रेमचे दीडशे, बाई फुकट

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, लोकांच्या आज्या कशाला गोळा करून राहिलीस?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आता सावकाश सांगते.

रविवारी इतवारीत भंगारवाल्याकडे गेले होते, पितळी डबा मिळतो का बघायला. डबा नव्हता. कोपऱ्यात सागवानी फ्रेम उभी, आत एक बाई. दुकानदार म्हणाला, "फ्रेमचे दीडशे. फोटो नको असन तर काढून देतो." म्हटलं, खबरदार हात लावलात तर! फोटो काचेला चिकटला होता. कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पावसाळ्यात ओलाव्याने फुगतो आणि काचेला धरून बसतो. ओढला की चेहरा काचेवर, कागद हातात. काचेसकट उचलून आणली.

बाई नऊवारीत, मांडीवर जाड पुस्तक, शेजारी तिवईवर फुलदाणी. मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना, कुठेच न जाणारा. खाली पुठ्ठ्यावर छापलंय 'नागपूर, सी. पी.', सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या वेळचा प्रांत. तेव्हा फोटो १९५० च्या आधीचा, कारण त्या वर्षी प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. (फोटोवाल्याने उरलेले पुठ्ठे नंतर खपवले असतील तर माझा हिशेब चुकला.) आठ दिवस मी तिला मास्तरीणबाई करून टाकलं. महाल भागातल्या घरून टांग्याने शाळेत जाते, सासू कुरकुरते, नवरा एम्प्रेस मिलमध्ये कारकून. मिल १८७७ पासूनची, त्यामुळे नवरा कुठल्याही साली बसतो! भाजी निवडताना रोज एक प्रकरण वाढायचं.

मग माझ्या फोटोंच्या जुन्या डब्यात त्याच स्टुडिओचा आणखी एक फोटो सापडला, मुंजीतला पोरगा. तीच तिवई, तीच फुलदाणी आणि तिवईवर तेच पुस्तक, कोपरा तसाच दुमडलेला. पुस्तक स्टुडिओचं निघालं. बाईला अक्षरओळख तरी होती की नाही, देव जाणे. माझी शाळा एका मिनिटात बंद पडली.

भिंग घेऊन बसले. ह्यात तिचं स्वतःचं काय? हात. बोटं पुस्तकावर पसरलेली, पोळपाट सरकू नये म्हणून धरतो ना, तशी. चेहरा गुळगुळीत आहे, पण त्यावर माझा विश्वास नाही; तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे. हाताकडे मात्र कोणी बघितलेलं नाही. अंगठ्याचं नख अर्धं काळं. खलबत्त्यात चेमटलं की दारात, कोण जाणे. ठणकत असणार, तरी बाई ताठ बसली आहे. आता रात्री भांडी घासताना मला ती शाळा आठवत नाही, ते नख आठवतं.

फोटोमागे नाव नाही. राग यायला लागला तशी तुझ्या आजीची ट्रंक आठवली. त्यातल्या पाच जणांना मीही ओळखत नाही. मामांना विचारू, विचारू म्हणता ते गेले.

दिवाळीला येशील तेव्हा मऊ शिसपेन्सिल आण. पेनची शाई पाझरते, पुढे डाग उमटतो. आपण सक्करदऱ्याला आत्याकडे जाऊ. ब्याऐंशीची झाली. दुपारी झोपते, चारनंतर गेलेलं बरं. चष्मा तिचा तिलाच शोधू दे, तू घाई करू नकोस.

तुझी,
आई