अंशाचा गोल म्हणजे शून्य नव्हे: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तापमानाची चिन्हे वाट्टेल तशी छापली जातात आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे आलेल्या एका सराव प्रश्नपत्रिकेत अंशाच्या गोलाऐवजी देवनागरी शून्य टाइप करून वर चढवले होते. छापताना ते खाली उतरले आणि ३८ अंशांचे पाणी ३८० चे झाले. एका हुशार मुलीने त्याची वाफ झाली असे धरून सगळे गणित केले. रीत बरोबर, पण गुण शून्य. खरे तर अंशाचे चिन्ह युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, तेच वापरायचे.

नियम अवघड नाहीत. आधी आकडा, मग मोकळी जागा, मग गोल आणि त्याला चिकटून कॅपिटल सी. गोल गाळला तर उरलेला सी कूलॉमचा, म्हणजे विद्युतप्रभाराचा होतो. केल्विन या तापमानाच्या दुसऱ्या एककाला मात्र गोल नाहीच. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो १९६७ मध्येच काढला. तरीही गाइडांमध्ये 'डिग्री केल्विन' सर्रास सापडते, आणि के लहान लिपीत छापला की मुले त्याला किलो समजतात.

तापमान आणि तापमानातला फरक यांतही गल्लत होते. पाणी ५ अंश सेल्सिअसने तापले, तर फॅरनहाइटमध्ये ती वाढ ९ अंशांची. मुले सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याच्या सूत्रातले ३२ मिळवून ४१ लिहितात. केल्विनमध्ये तीच वाढ ५, तिथे २७३.१५ मिळवायचे नसतात. हे पुस्तकात ठळक छापायला हवे.

वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार देशाची मापे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीवरच आधारलेली आहेत. बालभारती आणि परीक्षा मंडळ, दोन्हींची मुख्य कार्यालये पुण्यातच आहेत. माझी मागणी एवढीच: विज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात एकके लिहिण्याच्या नियमांचे एक पान द्यावे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपासून डीटीपी करणाऱ्यांपर्यंत सर्वांना ते बंधनकारक करावे. आणि छपाईच्या चुकीमुळे उत्तर चुकले, तर त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मुलांना मिळावेत, असा लेखी आदेश पुढच्या परीक्षेआधी काढावा.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, पुणे