संशोधनाचा प्रश्न वॉर्डातून यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिकांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा संप, रिक्त पदे आणि १२ मेच्या परिचारिका दिनाच्या सत्कारांपुरते असते. रुग्णसेवेतली कोणती रीत उपयोगाची आणि कोणती घातक, हे परिचारिका कशाच्या आधारावर ठरवतात याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. परिचर्या महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवल्यानंतर मला ही बाब वाचकांपुढे मांडावीशी वाटते, कारण ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे अशा प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

बेडसोरचे उदाहरण घेते. माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या उंचवट्यांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडीखालचे मांस आतून मरू लागते. आमच्या पिढीला शिकवले गेले होते की अशा रुग्णाची पाठ स्पिरिटने चोळावी, वर पावडर लावावी, लाल झालेल्या जागी मालिश करावे आणि कमरेखाली हवेची रिंग द्यावी. लाल झालेल्या जागेखालच्या पेशींना आधीच इजा झालेली असते, चोळल्याने ती वाढते आणि रिंगमुळे भोवतालचा रक्तप्रवाह आणखी आवळला जातो, हे पुढे स्पष्ट झाले. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या दोन्ही गोष्टी करू नका असेच सांगतात. तरीही कितीतरी वॉर्डांत स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा अजून ट्रेमध्ये असतो आणि नातेवाईक घरी जाताना तीच रीत बरोबर नेतात.

या विषयातले मोलाचे काम परिचारिकांनीच केलेले आहे. कोणत्या रुग्णाला बेडसोरचा धोका अधिक, हे संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देऊन ठरवण्याची ब्रेडन मोजपट्टी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकी परिचारिकांनी १९८० च्या दशकात तयार केली. पुढे बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या वृद्ध शुश्रूषागृहांत दर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांतल्या बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सर्व रहिवासी दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या, रेक्झिनच्या आवरणाच्या आणि मधोमध दबून खोलगट झालेल्या गाद्यांवर चार तासांचे अंतर चालेल का, याचे उत्तर त्या अभ्यासातून मिळत नाही. ते इथेच शोधावे लागेल.

आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. एका वॉर्डात स्वतःहून कूस न बदलू शकणारे आठ रुग्ण असले आणि प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवायचे ठरवले, तर दिवसाला ९६ वेळा वळवणे आले. प्रत्येक वेळी दोघांची पाच मिनिटे धरली तरी दोन माणसांचे आठ-आठ तास केवळ याच कामात जातात. शिक्षण-रुग्णालयातल्या साधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळीला चाळीस रुग्णांचा वॉर्ड एकटी अधिपरिचारिका सांभाळते तिथे हे काम नातेवाइकांच्याच अंगावर पडते, आणि त्यांना ते कसे करावे हे कोणी धड दाखवलेले नसते. शिवाय पाठ्यपुस्तकातली पहिली खूण म्हणजे लाली, आणि ती सावळ्या कातडीवर नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते का, हे पाहावे लागते. आपल्या परिचारिका आणि नातेवाईक ही खूण किती लवकर ओळखतात, हा महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात करता येण्याजोगा आणि करायलाच हवा असा अभ्यास आहे.

प्रत्यक्षात एम.एस्सी. नर्सिंगचे प्रबंध कसे असतात? पुष्कळदा साठएक जणांचा गट घ्यायचा, प्रश्नावली भरून घ्यायची, नियोजित शिक्षण कार्यक्रम राबवायचा, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि ज्ञानात लक्षणीय वाढ झाली असे लिहायचे. शिकवल्यानंतर लगेच विचारले तर गुण वाढणारच. त्या शिकवण्याने एखाद्या रुग्णाची पाठ वाचली का, हे क्वचितच कोणी पाहते. यात विद्यार्थिनींना दोष देणे मला योग्य वाटत नाही; दोन वर्षांत अभ्यासक्रम, आराखड्याची मंजुरी, नैतिक समितीची परवानगी आणि परीक्षा सांभाळून त्यांना सोपी वाट धरावी लागते. प्रबंधाची प्रत मग ग्रंथालयात जाते, आणि ज्या वॉर्डातून माहिती गोळा केली तिथल्या परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला, निष्कर्ष काय निघाला हे कळतही नाही.

१२ मे रोजी आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे कारणवार तक्ते मांडून सरकारला जाब विचारला होता. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. नोंद ठेवणे हा त्यांच्या लेखी सेवेचाच भाग होता.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि आरोग्य विभागाने मनावर घेतले तर फार खर्च न करता काही गोष्टी होऊ शकतात. प्रत्येक रुग्णालयाने दाखल झाल्यानंतर किती रुग्णांना बेडसोर झाले याची दरमहा नोंद ठेवावी आणि ती अधिसेविकेपुरती (मेट्रनपुरती) न ठेवता वॉर्डात लावावी. प्रबंधाचा विषय महाविद्यालयाने एकट्याने न ठरवता वॉर्डातल्या परिचारिकांना विचारून ठरवावा, आणि निष्कर्षाचे दोन पानी मराठी टिपण त्याच वॉर्डाला देणे सक्तीचे करावे. पक्षाघाताचा किंवा खुबा मोडलेला रुग्ण घरी सोडताना कार्डावर ‘कूस बदलावी’ एवढे लिहून न थांबता, रुग्णाला पूर्ण कुशीवर न वळवता जरासा कलता कसा ठेवायचा, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची, हे घरच्या माणसाकडून एकदा करून घ्यावे; आणि गावच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेला तसा निरोप द्यावा, म्हणजे ती पहिल्या आठवड्यातच घरी जाऊन रुग्णाची पाठ पाहील.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, कोल्हापूर